नऊ हजार पावलं आणि एक पायरी

अजमान
६ नोव्हेंबर २०२५

ताजे,

सलाम. आधी घरातल्या एकेकाची खबर घेते, तुझ्याकडे शेवटी येते. नूरुद्दीनभाईंचा कान कसा आहे? नवीन यंत्र बसवलं म्हणे. पण तुझ्या नवऱ्याला पहिल्यापासून हवं तेवढंच ऐकू येतं, त्याला यंत्र काय करणार. तुझ्या पोराची, तहाची पाठ? त्याला म्हणावं, बोटीवर जाळं ओढताना कमरेला फडकं घट्ट बांध. सूनबाई रुखसारचा खोकला गेला का? काळी शेळी व्याली का, पिल्लं किती झाली? विहिरीजवळच्या फणसाला कीड लागली होती, तो जगला की गेला?

फणसाचंही विचारून झालं, आता कुणी उरलं नाही. आता सांग, तुझा खुबा कसा आहे?

कुणी सांगितलं म्हणून फणकारू नकोस. रुखसारने सांगितलं. तिच्यावर डोळे वटारलेस तर माझ्याशी गाठ आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज ऐकत नाहीस, मग त्या घरातल्या एखाद्या शहाण्या माणसाने माझ्याशी बोलायला नको? पडवीतून खळ्यात उतरायच्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळ होतं आणि तू सप्टेंबरात तिथे घसरलीस, हे कळलं. चिपळूणला ऑपरेशन झालं, खुब्यात गोळा बसवला, डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन उभं केलं, हेही कळलं. आणि घरी आल्यापासून तू भिंतीकडे तोंड करून पडलीस ती पडलीस, हेसुद्धा कळलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, वर्ष संपायच्या आत चालायला लागल्या नाहीत तर पाय आखडेल, मग खाट हेच घर.

म्हणून लिहायला बसले. आपला तय्यब दर पंधरा दिवसांनी लोकांचं सामान घेऊन मुंबईला आणि तिथून गावी जातो, त्याच्या हाती हे देते. फोन कापता येतो. पत्र हातात पडलं की माणूस एकदा तरी उघडून बघतो, निदान शिव्या द्यायला.

अक्षराला हसू नकोस. तू चौथीपर्यंत शाळेत गेलीस, मी तुम्हा भावंडांचे लंगोट धूत होते. लग्नानंतर नोमानच्या अब्बांची पत्रं इथून यायची ती पोस्टमन वाचून दाखवायचा. 'तुझी आठवण येते' हे त्या मिशाळ पोस्टमनच्या तोंडून ऐकून मला अशी लाज वाटली की नोमानच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी स्वतःच अक्षरं गिरवली. तेव्हा वेलांटी चुकली तर समजून घे.

इथे सध्या चालण्याची साथ आली आहे. तापाची येते तशी. आमच्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर गुणवंत साहेब म्हणून पुण्याचे आहेत. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. ते परवा घरी आले.

"मावशी, आपल्या नॉर्दर्न एमिरेट्सचे लोक फार कमी चालतात. दुबईवाले पुढे गेले. आपल्याला सगळ्यांना अॅक्टिव्ह करायचंय."

मी म्हटलं, "कुणी मोजलं?"

"सर्व्हे आहे ना."

"मला तर कुणी विचारलं नाही."

"सॅम्पल घेतात, मावशी."

सॅम्पल म्हणजे अत्तराच्या दुकानात मनगटाला चोळतात ते, एवढं मला ठाऊक. तेवढ्या वासावरून यांनी अख्ख्या मुलखाची चाल ओळखली. मंडळाचं नाव ठेवलंय 'चला उत्तर'. उत्तरेला जाऊन करणार काय, तिथे कोण बसलंय? पस्तीस दिरहमचा हिरवा टी-शर्ट, म्हणजे आपले साडेआठशे रुपये, तो घातल्याशिवाय पाय उचलत नाहीत वाटतं. आणि लोकांनी चालावं हे सांगायला साहेब सहाव्या मजल्यावरून दुसऱ्यावर कसे आले? लिफ्टने.

हे तुला का सांगते? तुला हसायला यावं म्हणून. आणि हसताना माणूस भिंतीकडे तोंड करून राहू शकत नाही.

तीन वर्षांपूर्वी तू दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आलीस आणि एकोणीस दिवसांत बॅग भरून गेलीस, ते मी विसरलेले नाही. त्यावर नंतर बोलू. आधी ऊठ.

तुझी आपा,
मरियम


अजमान
२५ नोव्हेंबर २०२५

ताजे,

तुझा जबाब नाही. मला अपेक्षाही नव्हती. रुखसार सांगते की पत्र उशीखाली ठेवलंयस. उशीखाली तर उशीखाली. चुलीत गेलं नाही, हे काय कमी.

पण वॉकर अजून कोपऱ्यात आणि त्यावर तुझी ओढणी वाळत घातलेली, हेही तिनेच सांगितलं. शाब्बास. चांगलं दोन हजारांचं दांडकं आणलं तुम्ही ओढणी वाळवायला.

'चला उत्तर'वाल्यांचा पहिला चालण्याचा कार्यक्रम झाला. शनिवारी सकाळी, समुद्राकाठच्या कॉर्निशवर. तुला कॉर्निश ठाऊक आहे, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तर तिथे साठ माणसं चालायला आली आणि साठच्या साठ गाडीने आली. रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहणारा माणूसही गाडीने आला आणि पार्किंग मिळेना म्हणून अर्धा तास गोल गोल फिरत राहिला. तेवढ्यात तो चालत तीनदा येऊन गेला असता. मग फोटो झाले. मग गुणवंत साहेबांनी शिटी मारली, "यल्ला, यल्ला!" वीस मिनिटं चालले. पाय कमी, तोंडं जास्त. आणि मग समुद्राकडे पाठ करून नाश्ता. साहेबांच्या अनुपमाबाईंचे साबुदाणा वडे, आपल्या कोकणवाल्यांच्या बायकांचे खिमा पॅटिस, वर करक चहा, त्यात चमचा उभा राहील एवढी साखर. दोन हजार पावलं चालले आणि पाच हजारांचं खाल्लं. घरी जाताना परत गाडीत बसताना एकाची पँट शिवणीतून गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मी गाडीतच बसले होते. माझे गुडघे त्या दिवशी जरा धरले होते.

आता पुढचं ऐक. मंडळाने प्रत्येक घराला एक घड्याळ दिलंय. मनगटाला बांधायचं, ते पावलं मोजतं आणि रोज संध्याकाळी सगळ्यांचे आकडे फोनवरच्या ग्रुपवर लावतात, कोण पुढे कोण मागे. दोन महिने शर्यत. आमच्या घराचं घड्याळ नोमानने बांधलं. तो सकाळी साडेपाचला दुबईला निघतो, रस्त्यात दोन तास, ऑफिसात खुर्ची, येताना परत दोन तास. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यात शेवटी. माझी सून अफनान तोंड लपवून लिफ्टमध्ये शिरायला लागली. शेवटी नोमान घड्याळ घेऊन माझ्यापुढे उभा.

"अम्मी, तुम्ही घाला. तुम्ही दिवसभर घरात असता."

"म्हणजे तुझी इज्जत मी माझ्या मनगटाला बांधू?"

"प्लीज ना, अम्मी. सगळे हसतात."

बेचाळीस वर्षांचा घोडा. पण काय करणार, मीच जन्माला घातलाय.

तर ताजे, नीट कान देऊन ऐक. काल माझ्या घड्याळाने सहा हजार आठशे पावलं दाखवली. सहा हजार आठशे! मी अडुसष्टची, तू सहासष्टची. लहानपणी खाडीवर ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या काढायला जायचो तेव्हा डोक्यावर भरली टोपली घेऊन तू पुढे आणि मी मागून ओरडायची, ताजे, थांब, ताजे, थांब. एकदाही थांबली नाहीस. आता कोण कुणाच्या मागे राहिलं ते बघ.

तू गेलीस तेव्हाचं राहिलं. मी एक वाक्य बोलले होते, एकच, आणि पाहुणे बसले होते म्हणून बोलले. आत्ता त्याचा विषय नको.

वॉकरवरची ओढणी काढ.

आपा


अजमान
१९ डिसेंबर २०२५

माझ्या ताजे,

रुखसारचा फोन आला आणि माझ्या हातातली परात खाली पडली. पोर एवढी ओरडत होती की अर्धं कळेना. "खाला, अम्मी उठल्या! तुमचं पत्र परत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ती म्हैस सात हजार पावलं चालते? आण इकडे तो वॉकर!"

म्हैस म्हणालीस ना? म्हण. दिवसाला दहा वेळा म्हण. खाटेपासून दारापर्यंत पहिल्या दिवशी, चौथ्या दिवशी पडवीपर्यंत. आता वॉकर सोडून काठी घेतलीस म्हणे. नूरुद्दीनभाईंनी तुझ्या काठीचा आवाज यंत्र न लावता ऐकला, हे मी अफनानला दोनदा सांगितलं. तिला दोन्ही वेळा हसू आलं नाही. जाऊ दे, तिला तुमची माहिती नाही.

पण पायरीपाशी येऊन थांबतेस, असंही रुखसार म्हणाली. पडवीच्या कडेला खुर्ची टाकून त्या पायरीकडे बघत बसतेस, जशी काही ती तुला चावणार आहे. तू लग्नानंतरही आपल्याच घरात राहिलीस; ती पायरी अब्बांनी बसवली तेव्हा तू तिच्यावर उड्या मारून मारून तिला हलवून ठेवलं होतंस. आता ती तुला घाबरवते?

माझं विचारशील तर मी आता नऊ हजारांवर आहे. होय. सगळ्या बिल्डिंगमध्ये पहिला नंबर. घरात भाकऱ्या मात्र फार होतात आजकाल. तांदळाच्या. अफनान म्हणते, "अम्मी, फ्रीजमध्ये जागा नाही, एवढ्या कुणासाठी?" मी म्हटलं, वाट. मग शेजारी वाटल्या, वॉचमनला दिल्या. गुणवंत साहेबांच्या घरी तर रोज डझन जातात, साहेबांना आपल्या हातची भाकरी फार आवडली. शनिवारचा मंडळाचा नाश्तासुद्धा आता माझ्या भाकऱ्यांवर होतो. चालायला येणारे साठचे ऐंशी झाले, त्यातले वीस कशासाठी येतात ते सांगायला नको.

नात यम्ना म्हणते, "दादी, यू आर अ मशीन!" ती हसते तेव्हा मला जरा कसंतरीच होतं. असो.

जानेवारीत बक्षीस समारंभ आहे. पहिल्या नंबराला माझं नाव लावलंय. गुणवंत साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही आमच्या उत्तरेची इन्स्पिरेशन आहात." मी म्हटलं, ते काय असतं? म्हणाले, "तुम्हाला बघून दुसरे चालायला लागतात." याला मी मान डोलावली. कारण गावात खरंच एक जण चालायला लागली होती.

ताजे, तू चालत राहा. मी कितीही चालले न चालले, तू चालत राहा.

आपा


अजमान
१८ जानेवारी २०२६

ताजे,

हे पत्र बसून वाच. उभी असशील तर आधी खुर्ची ओढ.

मी तुला खोटं लिहिलं. मी चालत नाही. या घरातून माझी चाल म्हणजे खोलीपासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून न्हाणीघर, आणि लिफ्टने खाली गाडीपर्यंत. नोमानचे अब्बा गेल्यापासून मी एकटी रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. गुडघे सुजतात, जिना बघितला की छाती धडधडते.

ती पावलं भाकरीची होती.

घड्याळ बांधलं त्या दुपारी मी रोजच्यासारखी उकड मळली आणि परातीत भाकरी थापायला घेतली. यम्ना शेजारी बसली होती. एकदम ओरडली, "दादी, इट्स काउंटिंग!" बघते तर काय, हाताच्या प्रत्येक थापेला ते मुडदं घड्याळ एक पाऊल मोजतंय. एका भाकरीला नव्वद पावलं! उकड मळायची आणि घरातल्या फेऱ्यांची मिळून अडीचेक हजार वेगळी. मी हसले, म्हटलं बघू तरी किती होतात. दुसऱ्या दिवशी वीसाच्या पन्नास केल्या. त्याच्या आदल्याच दिवशी रुखसारने सांगितलं होतं की तू अजून भिंतीकडे तोंड करून आहेस. मग मी तुला ते पत्र लिहिलं. नंतर रोज सत्तर थापल्या. बसून, गो. स्टुलावर बसून मी नऊ हजार पावलं चालले आणि सगळी बिल्डिंग माझी पावलं रस्स्यात बुडवून खात होती.

काल समारंभ झाला. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. स्टेजला चार पायऱ्या. माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या आणि मी पहिल्या पायरीशी उभी राहिले. नऊ हजारवाली बाई, चार पायऱ्या चढता येईनात. शेवटी नोमानने एका बगलेत धरलं, कुणी दुसऱ्या, आणि पिठाचं पोतं चढवावं तसं मला वर चढवलं. लोक फोनवर व्हिडिओ घेत होते.

गुणवंत साहेबांनी माइक तोंडाशी धरला. "मावशी, तुमचं सीक्रेट सांगा!"

मी म्हटलं, "भाकरी."

हॉलभर हशा.

मी म्हटलं, "अहो, मस्करी नाही. मी चालत नाही. मी भाकऱ्या थापते, ते तुमचं घड्याळ मोजतं. बक्षीस परत घ्या."

आणखी मोठा हशा. टाळ्या थांबेनात. साहेब डोळे पुसत म्हणाले, "व्हॉट अ सेन्स ऑफ ह्युमर!" ताजे, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांपुढे खरं बोलले आणि एकाने ऐकून घेतलं नाही. का ऐकतील? दुसरा नंबर आला त्या घराने घड्याळ तान्ह्या मुलाच्या झोळीला बांधलं होतं. पोर झोपायचं, घड्याळ चालायचं. आणि तिसरा नंबर स्वतः साहेबांचा. त्यांचं घड्याळ त्यांच्या कामवालीच्या हातात असतं, ती श्रीलंकेची बाई रोज मुलांना शाळेच्या बसपर्यंत नेते-आणते, भाजी आणते, चार घरं करते. खरी चालली ती एकटी, आणि तिला समारंभाला बोलावलंही नव्हतं. माझं खरं मानलं असतं तर सगळ्यांचंच बाहेर आलं असतं. खलास.

बक्षीस काय दिलं माहीत आहे? जागच्या जागी चालायचं यंत्र. पट्टा फिरतो, माणूस चालतो, पोचत कुठेच नाही. या लोकांना याहून साजेसं बक्षीस शोधूनही मिळालं नसतं. आणि मलाही.

घरी येऊन मी त्या कामवालीचा विचार करत बसले. आणि मग मला माझं ते वाक्य आठवलं. विसरले होते असं नाही. झाकून ठेवलं होतं.

नोमानचे अब्बा गेले, माझं इद्दतीचं चार महिने दहा दिवस घरात बसणं संपलं आणि तू माझ्यासोबतीला आलीस. रोज सकाळी चपला घालून फिश मार्केटपर्यंत पायी जायचीस. जाळीच्या पिशवीतून बांगडे आणायचीस, वाटेत भेटलेल्या प्रत्येकाचं गाव विचारून यायचीस. बिल्डिंगमधल्या बायका अफनानला विचारायला लागल्या, ती बाई कोण? त्या दिवशी त्याच बायका आपल्या सोफ्यावर बसल्या होत्या आणि तू घामाघूम होऊन, पिशवी टपकत, दारात उभी राहिलीस. आणि मी त्यांच्यासमोर म्हटलं, "ताजे, इथे पायी फक्त कामवाल्या चालतात. माझी लाज काढू नकोस."

तू बांगडे साफ करून दिलेस, तळून दिलेस, सगळ्यांना वाढलेस आणि दुसऱ्या दिवशी तिकीट बदललंस.

त्याच बायका आज हिरवा टी-शर्ट घालून चालतात आणि त्याला अॅक्टिव्ह म्हणतात. थुंकावंसं वाटतं. पण थुंकी माझ्याच पदरात पडेल. तुझ्याएवढं या शहरात कुणी चाललं नव्हतं आणि तुला मी हाकललं.

रुखसारला मी सांगू शकले असते की समारंभाचा तो व्हिडिओ तुला दाखवू नकोस, आणि हे पत्र लिहायचं टाळू शकले असते. तुझा पाय माझ्या खोट्यावर उभा राहिलाय, खरं कळलं की परत भिंतीकडे तोंड करशील, ही भीती मला आहे. तरी तुला खरं सांगितलं. आता तुझ्या हातात.

माफ कर असं लिहायचं होतं. लिहिलं बघ.

मरियम


अजमान
५ फेब्रुवारी २०२६

ताजे,

तय्यबने तुझी चिठ्ठी दिली. वहीचं अर्धं पान, पेन्सिलीने लिहिलेलं. मी दारातच उभी राहून वाचली. इतक्यांदा वाचली की पाठ झालीय. तूच लिहिलंस तरी तुला परत वाचून दाखवते, म्हणजे मला कळलं हे तुला कळेल:

'आपा, एका भाकरीला नव्वद थापा लागतात म्हणजे तुझी उकड कच्ची राहते. पन्नासात व्हायला हवी. अम्माने शिकवलेलं सगळं पाण्यात घातलंस. तुझे पाय मी पाहिलेत, ते सात हजार मला पहिल्याच दिवशी पटले नव्हते. तुला खोटारडी म्हणायला मी उठले, कारण फोन बाहेर होता. फोनपाशी पोचले तेव्हा आठवलं की मी तुझ्याशी बोलत नाही. तोवर चालणं झालं होतं.'

एवढंच. त्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. मला जे मिळायला हवं होतं तेच मिळालं. तीन वर्षांनी तू माझ्या उकडीला नावं ठेवलीस, मी ती चिठ्ठी कुराणशरीफच्या कपाटात ठेवली आहे.

तय्यब सांगतो, तू रोज काठीने पडवीत येतेस, भिंतीकडे तोंड करून निजत नाहीस. पण पायरी उतरत नाहीस. तहाला म्हणालीस म्हणे, ती पायरी फोडून टाका.

ताजे, सोमवारी मी फिश मार्केटला गेले. पायी.

घड्याळ परत करून टाकलं होतं, तेव्हा पावलं किती झाली ते मला ठाऊक नाही. तुला पाऊण तासात जाऊन येणं व्हायचं, मला नुसतं जायलाच पाऊण तास लागला. पाच ठिकाणी बसले. बसस्टॉपवर, लाँड्रीच्या पायरीवर, नर्सरीच्या कुंड्यांपाशी, परत एका बसस्टॉपवर, आणि शेवटी एका पाकिस्तानी न्हाव्याच्या दुकानाबाहेर. त्याने खुर्ची आणून दिली आणि विचारलं, "अम्मा, गाड़ी ख़राब हो गई क्या?" या देशात म्हातारी बाई पायी दिसली की लोकांना एवढंच सुचतं. मोठ्या रस्त्यापाशी मी थिजले. सिग्नल हिरवा व्हायचा, मी पाऊल टाकेपर्यंत लाल. तिसऱ्या वेळी कुणीतरी कोपराला धरलं. बघते तर गुणवंत साहेबांची ती कामवाली. हातात भाजीच्या पिशव्या, मनगटाला साहेबांचं घड्याळ. शर्यत संपली तरी काढायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या चालीने हळूहळू तिने मला पलीकडे नेऊन सोडलं आणि आपल्या चालीने निघून गेली. इथे पायी फक्त कामवाल्या चालतात, म्हणाले होते ना मी? त्यातल्याच एकीने मला रस्ता ओलांडून दिला.

मार्केटमध्ये मी बांगड्यांचे कल्ले उघडून बघितले आणि त्या बंगाली कापणाऱ्यावर ओरडले, हे काय ताजे आहेत? सुरी थांबवून तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आप चलनेवाली खाला का बहन है?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"वो भी ऐसे ही डांटता था. तीन साल हो गया, आया नहीं. बीमार है?"

एकतीस वर्षं मी या शहरात राहते. नवरा इथेच पुरला. मला इथे कुणी नावाने ओळखत नाही, दुसऱ्या मजल्यावरची मावशी, नोमानची अम्मी, बास. आणि तू एकोणीस दिवस पायी फिरलीस तर तुझ्यामुळे मला ओळखणारा माणूस निघाला. मी म्हटलं, "बीमार होती. आता चालते." त्याने दोन बांगडे जास्त टाकले, तुझ्या नावाचे. ते मी खाल्ले. तू इथे नाहीस त्याला माझा इलाज नाही.

येताना टॅक्सी केली. हेही लिहून टाकते, नाहीतर तू उकरून काढशील. मंगळवारी गुडघे एवढे सुजले की नमाज खुर्चीवर झाली. बुधवारी लाँड्रीपर्यंतच गेले. आजही गेले.

गुणवंत साहेब भेटले लिफ्टपाशी. म्हणाले, "मावशी, भाकऱ्या बंद झाल्या का? पुढचं चॅलेंज रमजाननंतर आहे हं!" मी म्हटलं, "साहेब, पीठ घ्या, परात घ्या, तुमची पावलं तुम्ही थापा." आणि जिन्याने वर गेले. एकच मजला, पुढचा लिफ्टने. वर पोचायला किती वेळ लागला ते तुला सांगणार नाही.

आता माझं मागणं. मशिदीच्या कोपऱ्यावरची लाल टपालपेटी अजून आहे ना? रुखसार म्हणते, गंजलीय पण पोस्टमन रोज उघडतो. तर याचा जबाब तय्यबच्या हाती द्यायचा नाही. दिलास तर मी घेणार नाही, तसाच परत पाठवेन. रुखसारला टाकायला सांगायचं नाही, ती पोर माझ्याशी खोटं बोलत नाही, मी विचारेन. तू स्वतः टाकायचास. पडवीपासून त्या पेटीपर्यंत पावलं किती, ते मोजून पाकिटाच्या मागे लिही. घड्याळाने नको, तोंडाने मोज, तिसऱ्या मोजायचो तशा. आधी तहाला चुना टाकून पायरी घासून घ्यायला सांग. ती फोडू नका, अब्बांच्या हातची आहे. उतरताना आधी काठी, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. तुझ्या डॉक्टरांनी हेच सांगितलंय, मी रुखसारकडून तीनदा विचारून घेतलं.

इथे घरी टपाल येत नाही, पोस्ट ऑफिसात नोमानच्या नावाचा खण आहे. त्याची किल्ली मी मागून घेतली. पोस्ट ऑफिस फिश मार्केटहून जवळ आहे, वाटेत बसायच्या तीन जागा मी हेरून ठेवल्या आहेत. पत्राला पंधरा दिवस लागोत नाहीतर महिना, मी एक दिवसाआड जाऊन खण उघडून बघणार. रिकामा निघाला की तुला शिव्या देत परत येणार, आणि ते येणंही पायीच.

किल्ली माझ्या कमरेला आहे. लवकर लिही.

तुझी म्हैस